मूळ यंत्र कीं नक्कल? : जुन्या व्हिडिओ गेमची कथा

अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती, हा प्रश्न मनुष्यजातीला फार जुना आहे. नाणें वाजवून पाहणारा सराफ, पोथ्यांचे पाठ ताडून पाहणारा पंडित आणि जुन्या चित्रांचा संग्राहक हे तिघेहि आपापल्या परीनें याच प्रश्नाचें उत्तर शोधीत आले आहेत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पंगतींत एक चौथा मनुष्य येऊन बसला आहे, तो म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचा शौकीन. त्याच्यापुढें बाजारांत दोन प्रकारचीं यंत्रें मांडलेलीं असतात. एक चाळीस वर्षांपूर्वीं घडविलेलें, रंगानें पिवळट पडलेलें, महाग आणि दुरुस्तीला कारागीर मिळणें कठीण असें. दुसरें नवें, स्वस्त, तेच खेळ चालविणारें, परंतु परक्या हातांनीं केलेलें. पहिल्यास मूळ यंत्र म्हणतात; दुसऱ्यास ‘क्लोन’, म्हणजे सरळ मराठींत नक्कल. यांतील कोणतें घ्यावें? प्रश्न खेळण्यापुरता दिसतो. पण त्याच्या पोटांत पेटंटांचे खटले, दूरदूरच्या देशांतील मुलांचें बालपण आणि एका नव्या कलेच्या जतनाची चिंता अशा तीन मोठ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

ज्यांच्या घरांत हीं यंत्रें कधीं आलीं नाहींत, अशा श्रोत्यांना प्रथम त्यांची ओळख करून दिली पाहिजे. व्हिडिओ गेमचें घरगुती यंत्र, ज्याला कन्सोल म्हणतात, तें म्हणजे एक लहानसा संगणकच होय. त्याला स्वतःचा पडदा नसतो. घरच्या टेलिव्हिजनचाच पडदा तें वापरतें. खेळ साठविलेला असतो कार्ट्रिज नांवाच्या एका चपट्या डबींत. आपल्याकडील मुलें तिला ‘कॅसेट’ म्हणत. ही कॅसेट यंत्राच्या खांचेंत बसविली कीं यंत्रांतील मुख्य चिप तिच्यांतील आज्ञा वाचूं लागते, दुसरी चिप पडद्यावर चित्र काढते, आणि खेळणारा बटणें दाबील त्याप्रमाणें चित्रांतील पात्र धांवतें, उडी मारतें किंवा मरतें. म्हणजे खेळ ही एक वस्तु, आणि तो चालविणारें यंत्र ही दुसरी. नकलेला वाव मिळाला तो या दोहोंमधील फटींतून. कॅसेट तीच ठेवून यंत्र दुसऱ्यानें बनविलें तर काय बिघडलें, असा विचार कारखानदारांच्या मनांत येणें साहजिकच होतें.

वास्तविक पाहतां ज्याला मूळ म्हणावें, त्याच्या मुळाशीं गेल्यास तेथेंहि उसनवारी आढळते. राल्फ बेअर या अमेरिकन इंजिनिअरानें १९६६ मध्यें टेलिव्हिजनच्या पडद्यावर खेळ खेळण्याची कल्पना कागदावर मांडली. तिच्या आधारें मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें १९७२ मध्यें ‘ओडिसी’ हें पहिलें घरगुती यंत्र विकावयास काढलें. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांत तें लोकांना दाखविण्यांत आलें, तेव्हां पाहणाऱ्यांत नोलन बुशनेल हा तरुण होता. त्यानें स्थापलेल्या अटारी कंपनीनें थोड्याच महिन्यांत ‘पाँग’ हा टेबल टेनिसचा खेळ बाजारांत आणला आणि तो अफाट चालला. मॅग्नाव्हॉक्सनें दावा लावला. १९७६ मध्यें अटारीनें परवाना घेऊन तो मिटविला. त्याच वर्षीं जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीनें असले सहा खेळ एकाच चिपमध्यें बसवून ती चिप इतर कारखान्यांना विकण्यास आरंभ केला. मग काय विचारतां! जगभर पाँगच्या जातीच्या यंत्रांचें पीक आलें. जपानमधील निंटेन्डो कंपनीनेंहि १९७७ मध्यें मित्सुबिशीच्या साहाय्यानें याच जातीचें आपलें पहिलें यंत्र विकलें. पुढें जिच्या यंत्राच्या गणतीबाहेर नकला झाल्या, ती कंपनी या धंद्यांत शिरली ती दुसऱ्यानें घालून दिलेल्या वाटेनें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

कॅसेट बदलतां येणाऱ्या यंत्राची नक्कल प्रथम गाजली तीहि अमेरिकेंतच. अटारीनें १९७७ मध्यें काढलेलें यंत्र, जें पुढें ‘२६००’ या आंकड्यानें प्रसिद्ध झालें, तें घरोघर पोंचलें होतें. कोलेको या प्रतिस्पर्धी कंपनीनें १९८२ मध्यें आपल्या यंत्राला जोडावयाची एक पेटी काढली. ती जोडली कीं अटारीच्या कॅसेटी कोलेकोच्या यंत्रावर चालत. पुढल्या वर्षीं तिनें ‘जेमिनी’ नांवाचें स्वतंत्र यंत्रच विक्रीस आणलें. अटारीनें कोर्टांत धांव घेतली. पण शेवट तडजोडींत झाला, आणि कोलेको परवानाधारक बनून आपला माल विकूं लागली. नक्कल म्हणजे चोरी असा सरसकट शिक्का मारतां येत नाहीं, हें येथेंच दिसून येतें. कधीं ती परवान्यानें होते, कधीं परवान्याविना होते, तर कधीं आधीं परवान्याविना होऊन मागाहून परवान्याची बनते.

आजच्या वादाचें मुख्य केंद्र मात्र अटारी नव्हे, तर निंटेन्डोचें ‘फॅमिकॉम’ होय. १८८९ मध्यें क्योटो शहरांत पत्ते तयार करण्यासाठीं निघालेल्या या कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं हें यंत्र १४,८०० येनांस विकावयास काढलें. त्याची रचना मासायुकी उएमुरा या इंजिनिअराची. मुख्य चिप रिको कंपनीनें बनविलेली होती. परंतु तिचा गाभा म्हणजे अमेरिकेंतील मॉस टेक्नॉलॉजीची १९७५ मधील ‘६५०२’ ही चिप, त्यांतील दशमान गणिताचा भाग तेवढा बंद केलेला. यंत्राची कामचलाऊ स्मृति अवघी २ किलोबाइट. पडद्यावरील चित्र आडवें २५६ आणि उभें २४० ठिपक्यांचें. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर शिगेरु मियामोतो आणि त्याचे सहकारी यांनीं १९८५ मध्यें ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ रचला, आणि मिशाळ मारिओ जगभरच्या मुलांचा सोबती झाला. अमेरिकेंत हेंच यंत्र १९८५ च्या अखेरीस निराळ्या पेटींत, एन.ई.एस. या नांवानें आलें. दोन्ही मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रें खपलीं.

अमेरिकन यंत्रांत निंटेन्डोनें एक कुलूप बसविलें होतें. एक चिप यंत्रांत आणि तिची जोडीदार प्रत्येक कॅसेटींत. दोघींची खूण पटली तरच खेळ चाले, नाहीं तर यंत्र पुनः पुनः आरंभाला येई. जपानी फॅमिकॉमला असें कुलूप नव्हतें. कॅसेटीची खांचहि निराळी होती. जपानी खांचेंत ६० टोंकें, अमेरिकन खांचेंत ७२. बिनकुलुपाचें घर सोपें, या न्यायानें नकलाकारांची नजर बहुधा जपानी यंत्राकडेच वळली. तैवानमधील कारखान्यांनीं फॅमिकॉमच्या चिपांचा अभ्यास करून त्यांच्या जुळ्या बहिणी घडविल्या, आणि ऐशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वस्त यंत्रांचा ओघ सुरू झाला. ज्या देशांपर्यंत निंटेन्डोचा हात पोंचला नव्हता, त्या देशांत हा ओघ विशेष वाहिला.

याचें ठळक उदाहरण रशियाचें. सोव्हिएट संघ मोडल्याला वर्ष पुरें होण्यापूर्वींच, डिसेंबर १९९२ मध्यें, मॉस्कोच्या स्टीपलर कंपनीनें तैवानांत तयार झालेली फॅमिकॉमची नक्कल ‘डेंडी’ या नांवानें विकावयास काढली. कल्पना व्हिक्टर सावयुक याची. पेटीवरील हत्तीचें चित्र इव्हान माक्सिमोव्ह या हलत्या चित्रांच्या कलावंताचें. जाहिराती झाल्या, मासिक निघालें, १९९४ मध्यें डेंडीच्या खेळांचा कार्यक्रमहि टेलिव्हिजनवर सुरू झाला. रशियन मुलांच्या तोंडीं निंटेन्डोचें नांव नव्हतें, डेंडीचें होतें. आणि नवल असें कीं, १९९४ मध्यें खुद्द निंटेन्डोनें स्टीपलरशीं करार केला. स्टीपलरनें निंटेन्डोचें नवें यंत्र रशियांत विकावें, आणि निंटेन्डोनें डेंडीविरुद्ध कांहीं मागणें करूं नये, असा त्याचा आशय. ज्याला कोर्टांत खेंचावयाचें, त्यालाच गुमास्ता नेमण्याचा हा प्रकार!

ब्राझीलमध्यें ग्रादिएन्ते कंपनीनें ‘फँटम सिस्टिम’ नांवाची अशीच नक्कल काढली होती. तिची गंमत ही कीं, पोटांत निंटेन्डो आणि अंगावरचा पोशाख अटारीच्या एका यंत्राचा! तीच कंपनी १९९३ मध्यें एका खेळणींवाल्या कंपनीच्या भागीदारींत निंटेन्डोची अधिकृत प्रतिनिधि बनली. चीनमध्यें सुबोर कंपनीनें फॅमिकॉमच्या नकलेला टंकलेखनाचा पट्टा जोडून तिला ‘अभ्यासयंत्र’ म्हणून विकलें. मुलगा टंकलेखन शिकेल या आशेनें बापानें पैसे मोजावे, आणि मुलानें बाप बाहेर पडतांच मारिओची कॅसेट लावावी, अशी ही सोय होती. सुबोर वाढविणारा दुआन योंगपिंग पुढें तेथून बाहेर पडला, आणि त्यानें उभ्या केलेल्या उद्योगांतूनच आजच्या ओप्पो व विवो या फोनांच्या कंपन्या निघाल्या. नक्कल करतां करतां हात कसा तयार होतो, याचें हें उदाहरण विचार करण्यासारखें आहे.

भारताची, आणि म्हणून महाराष्ट्राचीहि, गोष्ट याहून फार वेगळी नाहीं. नव्वदच्या दशकांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत परीक्षेंतील यशाबद्दल वा वाढदिवसाला जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो बहुतेक ठिकाणीं फॅमिकॉमची नक्कलच होता. कॅसेटीवर हजारोंचा, प्रसंगीं लाखोंचा आंकडा छापलेला असे. लावून पाहतां मोजकेच खेळ, तेच ते किंचित् फेरफार करून पुनः पुनः मांडलेले. तरीहि मारिओची आणि ‘काँट्रा’ या खेळाची ओळख मराठी मुलांना झाली ती याच यंत्रावर. त्या पिढीनें निंटेन्डोचें खरें यंत्र बहुधा पाहिलेंहि नव्हतें. आज प्रौढ झालेला त्या पिढींतील मनुष्य जुन्या आठवणींसाठीं यंत्र घेऊं लागला, तर त्याच्या दृष्टीनें मूळ कोणतें? क्योटोचें, कीं कोपऱ्यावरच्या दुकानांतून आणलेलें?

येथवर नकलेची कैफियत झाली. आतां तिचे दोषहि निःपक्षपातीपणें पाहिले पाहिजेत. पहिल्या नकलांत निरनिराळ्या चिपा तरी होत्या. पुढें सगळें यंत्रच एका चिपमध्यें कोंबून तिच्यावर काळ्या लाखेसारख्या द्रव्याचा ठिपका बसविण्याची रीत पडली. यामुळें किंमत उतरली आणि त्याबरोबर इमानहि उतरलें. कित्येक नकलांत मूळचे रंग जसेच्या तसे उमटत नाहींत. आवाजाचें उदाहरण तर फार बोलकें आहे. फॅमिकॉमचे सूर चौकोनी लहरींचे असतात, आणि लहरीचा किती भाग वर राहतो, पाव कीं अर्धा, यावर त्या सुराची जात ठरते. कांहीं नकली चिपांत ही पाव आणि अर्ध्याची अदलाबदल झालेली आहे. त्यामुळें चाल तीच राहते, पण वाद्य बदलल्यासारखें वाटतें. जणूं सनईची चीज कोणीं पेटीवर वाजविली. ज्या कॅसेटींत जादा चिप बसविलेली आहे, उदाहरणार्थ अमेरिकेंत १९९० मध्यें निघालेल्या ‘कॅसलव्हेनिया ३’ ची, ती पुष्कळ नकलांवर चालतच नाहीं.

मग मूळ यंत्रच घ्यावें, असें कोणी म्हणेल. पण मूळ यंत्रालाहि म्हातारपण आलें आहे. निंटेन्डोनें फॅमिकॉमचें उत्पादन २००३ मध्यें थांबविलें आणि २००७ मध्यें दुरुस्तीहि बंद केली. अमेरिकन यंत्राच्या खांचेंतील टोंकें वापरानें वांकतात आणि पडदा नुसता लुकलुकत राहतो. ज्या कॅसेटींत खेळाची प्रगति लिहून ठेवण्यासाठीं छोटी बॅटरी असते, ती बॅटरी संपली कीं आठवणहि पुसली जाते. याहून मोठी अडचण टेलिव्हिजनची. हीं यंत्रें जाड काचेच्या चित्रनलिकेच्या टेलिव्हिजनसाठीं घडविलेलीं होतीं. तिच्यांत प्रकाशाचा ठिपका ओळीमागून ओळ धांवत सेकंदाला साठ चित्रें उमटवी, आणि बटण दाबल्याचा परिणाम तत्काळ दिसे. आजचा सपाट टेलिव्हिजन आलेलें चित्र आधीं घेतो, मोठें करतो आणि मग दाखवितो. त्यांत जो क्षणाचा उशीर होतो, तेवढ्यांत मारिओ खड्ड्यांत पडतो. ‘डक हंट’ या खेळांतील बदकें टिपण्याची बंदूक तर त्या धांवत्या ठिपक्यावरच अवलंबून असल्यामुळें नव्या पडद्यावर निरुपयोगी ठरते. म्हणजे मूळ यंत्र घेतलें तरी मूळ अनुभवासाठीं मूळ टेलिव्हिजनहि हवा, आणि चित्रनलिकांचे कारखाने तर आतां उरलेले नाहींत.

या अडचणीवर दोन तोडगे निघाले. पहिला एमुलेटरचा. एमुलेटर म्हणजे आधुनिक संगणकाला जुन्या यंत्राचें सोंग घ्यावयास लावणारा प्रोग्राम. १९९७ मध्यें निघालेल्या ‘नेसटिकल’ नांवाच्या प्रोग्रामनें निंटेन्डोचे खेळ घरोघरच्या संगणकांवर आणले. अशा सोंगाला कायद्याची मान्यता आहे काय, हा प्रश्न सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यांत अमेरिकेच्या अपील कोर्टापुढें आला. यंत्राचा अभ्यास करण्यासाठीं त्यांतील प्रोग्रामची मधल्या टप्प्यावर प्रत काढणें हा रास्त उपयोग होय, असा निर्णय २००० मध्यें झाला. यंत्राचें सोंग घेण्यास मोकळीक मिळाली. खेळांचा लेखनहक्क मात्र अबाधित राहिला, हें विसरूं नये. पुढें नोव्हेंबर २०१६ मध्यें खुद्द निंटेन्डोनें तळहातावर मावेल एवढें एन.ई.एस. तीस खेळांसह विक्रीस आणलें, आणि पांच महिन्यांत त्याचे २३ लाख नग खपले. त्याच्या पोटांत काय होतें? जुनी चिप नव्हती. आजच्या संगणकावर चालणारा एमुलेटर होता. मूळ मालकानेंच नक्कल विकली आणि ग्राहकांनीं ती आनंदानें घेतली.

दुसरा तोडगा अधिक सूक्ष्म आहे. एफ.पी.जी.ए. नांवाची एक चिप असते. ती कोऱ्या पाटीसारखी असून तिच्यांतील जोडण्या मागाहून हव्या तशा मांडतां येतात. तिच्यांत जुन्या चिपेची अंतर्गत रचनाच पुनः उभी करतां येते. अ‍ॅनालॉग या कंपनीनें आपल्या आधींच्या एका यंत्रासाठीं जुन्या फॅमिकॉममधून काढलेल्या चिपा वापरल्या होत्या. २०१७ मधील यंत्रांत तिनें केव्हिन हॉर्टन यानें मांडलेली एफ.पी.जी.ए.ची रचना घेतली. त्याच वर्षीं अलेक्सी मेल्निकोव्ह यानें ‘मिस्टर’ नांवाचा उपक्रम सुरू केला. त्यांतील रचना कोणालाहि मोफत घेतां येतात. पण या कामाला लागणारें ज्ञान आलें कोठून? मूळ यंत्राकडूनच. वर्षानुवर्षें अनेकांनीं मूळ चिपेचा एकेक ठोका मोजला. २००९ मध्यें तर कांहीं अभ्यासकांनीं ६५०२ या चिपेचें आवरण विरघळवून तिच्या अंतरंगाचीं छायाचित्रें घेतलीं आणि त्यांवरून तिचा प्रत्येक दुवा नकाशांत उतरविला.

मराठी वाचकाला ही गोष्ट अपरिचित वाटूं नये. ज्ञानेश्वरींची मूळ पोथी आज कोणाहिपाशीं नाहीं. ग्रंथ टिकला तो नकलांवर. आणि नकला करतां करतां पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तो शुद्ध करून ठेवला. व्हिडिओ गेमच्या नकलांतहि हीच प्रतवारी लावतां येते. काळ्या ठिपक्याची स्वस्त चिप म्हणजे घाईंत केलेली, पाठ चुकलेली प्रत. एमुलेटर म्हणजे दुसऱ्या भाषेंत सांगितलेला अर्थ. चांगला असेल तर रसाळ, वाईट असेल तर विपरीत. एफ.पी.जी.ए. म्हणजे पाठ ताडून सिद्ध केलेली शुद्ध प्रत. फरक इतकाच कीं, येथें मूळ पोथी अद्यापि हातांत आहे, आणि ती हातांत आहे तोंवरच शुद्ध प्रत सिद्ध होऊं शकते.

यावरून खरेदीचा विवेक आपोआप ठरतो. ज्याला संध्याकाळीं मुलांबरोबर दोन घटका मारिओ खेळावयाचा आहे, त्यानें मूळ यंत्राच्या मागें लागून पैसा आणि पित्त वाढवूं नये. चांगली नक्कल त्याला पुरेशी आहे. घेतांना मात्र पेटींत स्वस्त चिप आहे, एमुलेटर आहे कीं एफ.पी.जी.ए. आहे, एवढें विचारावें. कारण बाहेरून सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात. ज्याच्याजवळ जुन्या कॅसेटी आहेत, त्यानें त्या चालतील अशी खांच असलेलें यंत्र पाहावें. मूळ यंत्र त्यानें घ्यावें, ज्याला चित्रनलिकेचा टेलिव्हिजन सांभाळण्याची व प्रसंगीं हातांत सोल्डरिंगची इस्तरी धरण्याची तयारी आहे. निव्वळ कपाटांत ठेवण्यासाठीं घेणाराचा मार्ग अगदीं निराळा. जुलै २०२१ मध्यें ‘सुपर मारिओ ६४’ ची मोहोरबंद प्रत अमेरिकेंत लिलावांत पंधरा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. ती उघडली तर तिची किंमत जाईल, आणि उघडली नाहीं तर तिच्यांतील खेळ मुकाच राहील.

या वादांत पणास लागलेली वस्तु केवळ कोणाची हौस नाहीं. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज रीतसर विकत मिळत नाहींत. अशा खेळांचा अभ्यास संशोधकांना घरबसल्या करतां यावा, म्हणून ग्रंथालयांना सवलत मिळावी अशी मागणी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या लेखनहक्क कचेरीनें ती फेटाळली. पुस्तक दोनशें वर्षांनींहि डोळ्यांनीं वाचतां येतें. व्हिडिओ गेमला वाचणारें यंत्र लागतें, आणि तें यंत्र मेलें कीं खेळहि मुका होतो.

म्हणून मूळ आणि नक्कल यांना एकमेकांचे वैरी मानण्यांत अर्थ नाहीं. राल्फ बेअरचीं हातानें जुळविलेलीं पहिलीं यंत्रें २००६ पासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत आहेत, तीं तेथेंच शोभतात. फॅमिकॉमचा कर्ता उएमुरा उतारवयांत क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठांतील गेम-संशोधन केंद्राचा प्रमुख झाला आणि डिसेंबर २०२१ मध्यें वारला. त्याच्या यंत्रांची आयुर्मर्यादाहि आज ना उद्यां संपेल. त्यापूर्वीं त्यांचा प्रत्येक ठोका मोजून ठेवणें हें जाणत्यांचें काम. आणि मोजून ठेवलेला खेळ हातीं घेऊन प्रत्यक्ष खेळत राहणें हें सामान्यांचें. मूळ यंत्र साक्ष देतें, नक्कल वारसा चालविते. साक्षीदार जिवंत आहे तोंवर त्याची जबानी नीट उतरून घेतली, तर पुढच्या पिढीला नकलेवरहि विश्वास टाकतां येईल.